शास्त्रज्ञांचा विनोद

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात, विद्यार्थ्यांच्या गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. आम्ही काही शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि त्या बळावर शाळेत घालविलेली उभी हयात, एवढीच आमची शिदोरी. परंतु खडूच्या धुळीत इतकी वर्षे वावरताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. शाळेच्या भिंतींवर थोर शास्त्रज्ञांच्या तसबिरी लावलेल्या असतात आणि त्यांतील एकही सद्गृहस्थ हसत नसतो. कपाळाला आठ्या, छातीपर्यंत दाढी आणि नजर अशी की, गृहपाठ केला नाही हे त्यांना भिंतीवरूनच कळले असावे! मुले त्या तसबिरींकडे पाहतात आणि मनाशी ठरवून टाकतात की, विज्ञान हे असल्या गंभीर मंडळींचे काम, आपल्यासारख्या हसऱ्या-खोडकर पोराला तेथे थारा नाही. हा समज खोटा आहे, हे सांगण्यासाठी आम्ही आज ‘शास्त्रज्ञांचा विनोद’ हा विषय निवडला आहे.

मात्र विषयाला हात घालण्यापूर्वी एक सावधगिरीची सूचना. थोरांच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी जे सुविचार येतात, त्यांतील पुष्कळांखाली आइन्स्टाइन यांचे नाव असते. त्या बिचाऱ्यांना इतके बोलायला सवड केव्हा मिळाली असेल, देव जाणे! डेन्मार्कचे प्रख्यात शास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याविषयीची नालेची गोष्ट अशीच. आपल्याकडे जशी घोड्याची नाल दारावर ठोकतात, तशी ती युरोपातही ठोकतात. बोर यांच्या दारावर नाल पाहून कोणी विचारले की, आपला यावर विश्वास आहे काय? ते म्हणाले, “मुळीच नाही, पण विश्वास नसला तरी गुण येतो, असे म्हणतात!” गोष्ट मोठी गोड आहे. परंतु बोर यांचे सहकारी हायझेनबर्ग यांनी लिहून ठेवले आहे की, ती नाल बोर यांच्या दारावर नव्हतीच. तिस्विल्डे गावी त्यांचे एक शेजारी होते, त्यांच्या दारावर होती आणि बोर ही गोष्ट शेजाऱ्याची म्हणून सांगत असत. म्हणून आम्ही आज ज्या गोष्टी सांगणार, त्या शक्य तितक्या पारखून घेतल्या आहेत. जेथे केवळ ऐकीव आधार आहे, तेथे तसे सांगू.

आता मूळ विषयाकडे वळू. विनोदाला दिशा असते, असे आमचे मत आहे. बाण जसा कोणाकडे तरी रोखलेला असतो, तसाच विनोदही. तो स्वतःकडे रोखलेला असेल तर माणूस मोठा होतो. अन्यायाकडे रोखलेला असेल तर समाज मोठा होतो. आणि दुबळ्याकडे रोखलेला असेल तर, हसणारा कितीही विद्वान असो, काहीतरी मोलाचे मोडल्याशिवाय राहत नाही. शास्त्रज्ञांच्या चरित्रांत या तिन्ही प्रकारांचे दाखले सापडतात.

प्रथम स्वतःकडे रोखलेला विनोद पाहू. चार्ल्स डार्विन यांनी 1838 साली, विवाह करावा की न करावा, या प्रश्नाचा विचार कागदावर दोन रकाने पाडून केला. ‘न करावा’ या रकान्यात पुस्तकांना पैसे कमी पडतील, वेळ वाया जाईल, क्लबातील हुशार लोकांच्या गप्पांना मुकावे लागेल, अशी कलमे आहेत. ‘करावा’ या रकान्यात म्हातारपणी सोबत होईल, असे म्हणून पुढे शेरा मारला आहे की, काही झाले तरी कुत्रा पाळण्यापेक्षा हे बरे! शेवटी भूमितीचा सिद्धांत संपवावा त्याप्रमाणे ‘विवाह करावा’ असे तीनदा लिहून खाली ‘हेच सिद्ध करावयाचे होते’ या अर्थाची लॅटिन अक्षरे घातली आहेत. पुढील जानेवारीत एमा वेजवुड यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तो संसार डार्विन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1882 पर्यंत, सुखाने चालला. उपवर मुलांच्या पालकांनी या रकान्यांचा जरूर विचार करावा. कुत्र्याचे कलम तेवढे वधूपक्षाला दाखवू नये.

याच डार्विन यांनी उतारवयात गांडुळांवर ग्रंथ लिहिला. तो 1881 साली प्रसिद्ध झाला. गांडुळांना ऐकू येते काय, हे पाहण्यासाठी त्यांनी कुंड्यांत ठेवलेल्या गांडुळांपुढे धातूची शिटी फुंकली, मोठमोठ्याने ओरडून पाहिले, चिरंजीव फ्रान्सिस यांनी बसून नावाचे खर्जातले वाद्य वाजविले, पियानोही जोरजोराने वाजविला गेला. गांडुळांनी कोणाचीच दखल घेतली नाही. परंतु त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर छेडताच ती बिळात पळाली. निष्कर्ष असा की, गांडुळाला आवाज कळत नाही, पण हादरा कळतो. सत्तरी ओलांडलेला, जगभर कीर्ती पावलेला गृहस्थ गांडुळांपुढे घरातल्या मंडळींची मैफल भरवितो, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. लोक हसतील या भीतीने त्यांनी तो प्रयोग टाळला असता, तर ते ज्ञान मिळाले नसते. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ ही आपली म्हण त्यांना ठाऊक नव्हती, पण तिचा अर्थ ते पुरता जाणून होते.

अर्नेस्ट रदरफर्ड यांचीही गंमत अशीच. भौतिकशास्त्र तेवढे खरे शास्त्र, बाकी सारे म्हणजे पोस्टाची तिकिटे जमविणे, असे वचन त्यांच्या नावावर सांगतात. आणि 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते नेमके रसायनशास्त्राचे! तेव्हा ते म्हणाले की, आपण प्रयोगशाळेत एका द्रव्याचे दुसऱ्या द्रव्यात रूपांतर होताना पुष्कळदा पाहिले आहे, परंतु आपलेच भौतिकशास्त्रज्ञातून रसायनशास्त्रज्ञात जे रूपांतर झाले, इतके झटपट रूपांतर कोठे पाहिले नाही.

या मंडळींना स्वतःवर हसणे का साधते, याचे आमच्या अल्पमतीप्रमाणे कारण असे. विज्ञानात आपले म्हणणे रोज निसर्गापुढे ठेवावे लागते आणि निसर्ग कोणाची भीड ठेवीत नाही. दहा कल्पनांपैकी नऊ फोल ठरतात. अशा वेळी जो चिडतो तो पुढचा प्रयोग करीत नाही. जो हसतो, तो करतो.

आता दुसरा प्रकार, अन्यायाकडे रोखलेला विनोद. येथे विनोद ही करमणूक न राहता हत्यार होते. 1915 साली एमी नोएथर ही असामान्य बुद्धीची गणितज्ञ स्त्री जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात आली. तिला अध्यापनाचा अधिकार द्यावा, असा डेव्हिड हिल्बर्ट यांचा आग्रह होता. परंतु इतर विषयांचे प्राध्यापक आडवे आले. आमचे शिपाई युद्धावरून परत येतील, त्यांनी काय एका बाईच्या पायांशी बसून शिकावे, असा त्यांचा सवाल. तेव्हा हिल्बर्ट म्हणाले, “उमेदवार स्त्री आहे हा आक्षेप कसा होऊ शकतो, हे मला कळत नाही. हे विद्यापीठ आहे, सार्वजनिक स्नानगृह नव्हे!” या एका वाक्याने अधिकार तत्काळ मिळाला असे नाही, नोएथर यांची व्याख्याने काही वर्षे हिल्बर्ट यांच्या नावाने जाहीर होत आणि शिकवीत मात्र त्या. 1919 साली त्यांना रीतसर अधिकार मिळाला. परंतु आज त्या विरोधकांची नावे कोणाच्या ओठी नाहीत, आणि ते वाक्य मात्र सर्वांना पाठ आहे. मुलींच्या उच्च शिक्षणाची गोष्ट निघाली की ज्या घरांत अजून ‘पण लोक काय म्हणतील’ असे शब्द निघतात, त्या घरांनी हे वाक्य चौकटीत बसवून भिंतीवर लावावे.

पुढे 1933 साली नाझी राजवट आली आणि ज्यू प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले. त्यांत नोएथर यांनाही जावे लागले. हिल्बर्ट वृद्ध झाले होते. एका मेजवानीत शिक्षणमंत्र्याने त्यांना विचारले की, ज्यूंच्या प्रभावातून मुक्त झाल्यावर गॉटिंगेनचे गणित आता कसे काय आहे? हिल्बर्ट उत्तरले, “गॉटिंगेनमध्ये गणित? ते तर आता उरलेलेच नाही!” अशी ती गोष्ट सांगतात. शब्द इकडचे तिकडे झाले असतील, परंतु त्यांतील सत्याची साक्ष इतिहास देतो.

आइन्स्टाइन यांनी तर हे भविष्य चौदा वर्षे आधीच थट्टेत वर्तविले होते. 1919 सालच्या सूर्यग्रहणाच्या वेधांनी त्यांचा सिद्धांत खरा ठरला, तेव्हा 28 नोव्हेंबर रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रात त्यांनी लेख लिहिला. त्यात ते विनोदाने म्हणतात की, सापेक्षता येथेही लागू पडते. आज जर्मनीत मला जर्मन शास्त्रज्ञ म्हणतात आणि इंग्लंडात स्विस ज्यू म्हणतात. उद्या मी नकोसा झालो तर जर्मनांच्या लेखी मी स्विस ज्यू ठरेन आणि इंग्रजांच्या लेखी जर्मन शास्त्रज्ञ. वाचणारे हसले असतील. 1933 साली याच आइन्स्टाइन यांना मायदेशाला कायमचे अंतरावे लागले, तेव्हा मात्र त्या थट्टेतील काटा कळून आला. सभासदहो, माणसाला जातीचे आणि देशाचे नाव लोक आपल्या सोयीप्रमाणे चिकटवितात व सोयीप्रमाणे काढून घेतात, ही गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिमंडळानेही विसरू नये.

आता तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. तो सांगताना आम्हांस आनंद होत नाही, परंतु तो वगळला तर हे भाषण केवळ गमतीजमतींचे पुडके होईल.

प्रथम एक साधीशी चेष्टा. जॉर्ज गॅमॉ हे भारी मिस्किल शास्त्रज्ञ. त्यांचा विद्यार्थी राल्फ आल्फर याने विश्वाच्या आरंभी हलकी मूलद्रव्ये कशी निर्माण झाली असावीत, याचे गणित मांडले. दोघांच्या नावांनी निबंध तयार झाला. गॅमॉ यांच्या मनात आले की, आल्फर आणि गॅमॉ यांच्यामध्ये आपले मित्र हान्स बेथे यांचे नाव घातले, तर ग्रीक वर्णमालेतील अल्फा, बीटा, गॅमा साधेल! बेथे यांचा त्या कामात हात नव्हता, तरी नाव घातले गेले आणि निबंध 1948 सालच्या 1 एप्रिलच्या अंकात छापून आला. सारे हसले. पण आल्फर मनातून खट्टू झाला. त्याचे वय 27. निबंधावर दोन जगप्रसिद्ध नावे. वाचणाऱ्याने श्रेय कोणाला द्यावे? त्याला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला तो 2007 साली, मृत्यूच्या अवघे थोडे दिवस आधी. गॅमॉ यांच्या मनात कपट नव्हते. परंतु मोठ्याची मस्करी धाकट्याच्या वाट्याला कुस्करी होऊन येते, ती अशी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. आर्थर एडिंग्टन हे इंग्लंडचे थोर खगोलशास्त्रज्ञ. 1919 सालच्या ग्रहणाचे वेध ज्यांनी घेतले, त्यांपैकी ते एक. त्या वेळी सिल्बरस्टाइन नामक गृहस्थ त्यांना म्हणाले की, सापेक्षता सिद्धांत समजलेली जगात तीनच माणसे आहेत, त्यांपैकी आपण एक. एडिंग्टन गप्प राहिले. सिल्बरस्टाइन म्हणाले, “इतका विनय नको.” एडिंग्टन उत्तरले, “छे, विनय कसला? तिसरा कोण असावा, याचा विचार करतो आहे!”

असे हे हजरजबाबी एडिंग्टन. आता 1930 सालाकडे या. जुलैच्या 31 तारखेला मुंबईहून एक एकोणीस वर्षांचा मद्रासी विद्यार्थी बोटीने विलायतेस निघाला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. प्रवासात त्याने ताऱ्यांचे गणित केले. ताऱ्याचे इंधन संपले की तो आकुंचन पावतो आणि पुष्कळ तारे पृथ्वीएवढे लहान व अतिघन होऊन स्थिरावतात. त्यांना श्वेत बटू म्हणतात. चंद्रशेखरांच्या गणितातून निघाले की, अशा ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 1.4 पटीहून अधिक असेल, तर तो तेथे स्थिरावूच शकणार नाही. त्याचे आकुंचन पुढे चालूच राहील. 11 जानेवारी 1935 रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे संशोधन मांडले. त्यांच्यामागून एडिंग्टन उठले. हे गणित खरे मानले तर तारा इतका आक्रसेल की त्याचे गुरुत्व प्रकाशालाही बाहेर पडू देणार नाही, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले आणि पुढे म्हणाले की, ताऱ्याला असला वेडगळपणा करू न देणारा निसर्गाचा एखादा नियम असावयास हवा! सभा हसली. चोवीस वर्षांचा चंद्रशेखर त्या हशात एकटा उभा राहिला.

खेदाची गोष्ट पुढेच आहे. चंद्रशेखरांचे म्हणणे बरोबर आहे, हे बोर आणि पाउली यांच्यासारख्या जाणत्यांना खासगीत मान्य होते. परंतु उघडपणे कोणी एडिंग्टन यांच्याविरुद्ध उभे राहिले नाही. काही वर्षांनी चंद्रशेखरांनी तो विषय बाजूस ठेवला, अमेरिकेस जाऊन निराळ्या विषयांत अपार काम केले आणि 1983 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जी कल्पना हशात बुडाली, तिलाच आज जग कृष्णविवर म्हणते. एडिंग्टन यांना ती तेव्हाच दिसली होती, आणि त्यांनी ती हसण्यावारी नेली!

परंतु चंद्रशेखरांचे मन पाहा. एडिंग्टन यांच्याविषयी त्यांनी कधी कडवटपणा धरला नाही. त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने 1982 साली केंब्रिजला त्यांच्यावरच गौरवपर व्याख्याने दिली. आणि ‘तिसरा कोण’ ही जी गोष्ट आम्ही आताच सांगितली, ती जगाला कळली ती मुख्यतः चंद्रशेखरांच्या तोंडून. ज्याने आपल्याला हसविले नाही तर हास्यास्पद केले, त्याचा चांगला विनोद जतन करून ठेवणे, हे थोर मनाचे लक्षण नव्हे काय?

कृष्णविवराचा विषय निघाला आहे, तर आपल्या कोल्हापूरच्या मातीत जन्मलेले जयंत विष्णु नारळीकर यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाववत नाही. 20 मे 2025 रोजी ते निवर्तले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तोवर पद्मभूषण झालेल्या या जगन्मान्य शास्त्रज्ञाने तीत ‘कृष्णविवर’ नावाची कथा पाठविली. पण आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर पडू नये, म्हणून खाली नाव घातले नारायण विनायक जगताप! स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हा जगताप निर्माण केला होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. गॅमॉ यांनी गंमत म्हणून मोठे नाव मध्ये घातले. नारळीकर यांनी गमतीनेच आपले मोठे नाव काढून ठेवले. दोन्ही विनोदच, परंतु दिशा निराळ्या.

शेवटचा दाखला जे. बी. एस. हाल्डेन यांचा. हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ 1957 साली कलकत्त्यास येऊन राहिले व पुढे भारताचे नागरिक झाले. आयुष्याची साठ वर्षे पायमोजे घातले, तेवढे पुरे झाले, म्हणून भारतात आलो, असे ते गमतीने सांगत. पुढे त्यांना आतड्याचा कर्करोग झाला. रुग्णशय्येवर पडल्या पडल्या त्यांनी त्या दुखण्यावर एक विनोदी कविता लिहिली व विलायतेतील साप्ताहिकात छापविली. हेतू एवढाच की, लाजेने किंवा भीतीने जे लोक अशी दुखणी लपवितात, त्यांनी वेळीच डॉक्टरांकडे जावे. 1964 साली 1 डिसेंबरला भुवनेश्वर येथे ते वारले. देह त्यांनी वैद्यकीय महाविद्यालयाला दिला होता. आपल्या घरांतून, विशेषतः आपल्या आयाबहिणींत, दुखणे अंगावर काढण्याची आणि ते बोलून न दाखविण्याची जी रीत आहे, तिने किती माणसे अकाली नेली, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्या घरी करावा. मृत्यूकडे रोखलेला हा विनोद दुसऱ्याचे प्राण वाचविण्यासाठी होता. याहून चांगली दिशा ती कोणती?

बंधुभगिनींनो, आता आवरते घेतो. आज या व्यासपीठावर ज्यांचा सत्कार होत आहे, त्या गुणवंतांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आमचे लक्ष सभागृहाच्या मागल्या रांगांकडे अधिक आहे. तेथे एखादा असा मुलगा किंवा मुलगी बसलेली असेल, जिने घरी काहीतरी विलक्षण प्रश्न विचारला आणि सारे घर खो खो हसले. मुलाच्या बोलण्यात गंमत असेल तर त्याच्यासह अवश्य हसावे; परंतु त्याला हसू नये. प्रश्न चुकीचा असेल तर तो का चुकीचा, हे सांगण्याइतका वेळ वडीलधाऱ्यांनी काढावा. उत्तर येत नसेल, तर “मलाही ठाऊक नाही, चल शोधू” असे हसतमुखाने म्हणावे. त्याने आपला मान कमी होत नाही. आणि चारचौघांत कोणी एखाद्या पोराची टर उडवीत असेल, तर जे जाणते तेथे बसले असतील, त्यांनी गप्प बसू नये. लंडनच्या त्या सभेत एक जरी जाणता उभा राहिला असता, तर एका तरुणाचा तो दिवस निराळा गेला असता.

बालमित्रांनो, तुम्हांस एकच सांगणे. भिंतीवरच्या त्या तसबिरींना भिऊ नका. छायाचित्र काढून झाल्यावर ती मंडळी हसत असत, असे खुशाल समजा.